काळ्या काचेवरची ओळ

दुकानात कुणी शिरलं की दुरुस्तीवाली आधी फोन बघायची, मग माणूस. त्या सकाळी क्रम चुकला. पांढरी काठी टेकत आत आलेल्या वकिलाकडे तिनं आधी पाहिलं, आणि तिथंच तिचं निम्मं लक्ष उडालं.

"चार्जिंगची पिन सैल झालीय," तो म्हणाला. "संध्याकाळी येतो."

पिन बसवली. पण स्क्रीन? चालू होताना क्षणभर उजेड, मग ठार काळोख. बिचाऱ्याला कळणार कसं, म्हणून तिनं आपण होऊन नवा डिस्प्ले घातला. तोही काळा. दुसरा घातला, तोही. सात वर्षांचा अनुभव घामाघूम झाला.

संध्याकाळी त्यानं काचेवर बोट फिरवलं. बोटाखाली येईल ते त्याचा फोन मोठ्यानं वाचत होता, तेही इतकं भरधाव की तिला एक शब्द कळेना. मध्येच बोट थांबलं.

"इथं नखाएवढी जागा मुकी आहे. काल नव्हती."

तिनं तपासलं. खरंच होती. भिंगातून तिला कधी दिसली नसती ती जागा त्याच्या बोटाला एका फेरीत सापडली होती... 'जुना गेला होता हो,' म्हटलं की सुटका होती. खरं सांगितलं, तर हा पुन्हा ही पायरी चढणार नाही.

"डिस्प्ले मी बदलला," ती म्हणाली. "न विचारता. काळा होता ना — मला वाटलं, मेला. मग दुसरा... तोही मेला."

तो हसू दाबत होता. "मेला एकही नाही. फोनच्या सेटिंगमधून स्क्रीन मीच काळी ठेवतो. अशिलांची गुपितं बसमधल्या शेजाऱ्यानं का वाचावीत?"

"मग जुना परत बसवते. रागावलात?"

"आधी बसवा. निकाल नंतर."

तिनं बसवला. त्यानं फोन घेतला, आणि त्याची बोटं त्या काळ्या काचेवर अशी धावली की ती स्क्रू उचलायचं विसरली. ना उजेड, ना अक्षर, तरी एकही बोट चाचपडलं नाही. एवढे फोन तिनं उघडले होते. त्यांच्या आत असंही एक गाव वसतं, हे तिला आज कळत होतं.

"एक ओळ लिहिलीय," त्यानं फोनच्या आवाजाचा वेग कमी केला. "डोळे मिटा. शोधा."

"मी? मला नाही जमायचं."

"दोन डिस्प्ले बदलणाऱ्या बाईनं हिंमत हरायची नाही."

तिनं डोळे मिटले. बोट सरकलं... घड्याळ... संदेश... मग फोन सावकाश म्हणाला, "दुरुस्तीवाली खरं बोलली. उद्या तिला कॉफीला विचारल्याशिवाय चैन पडणार नाही."

तिनं डोळे उघडले नाहीत.

"उत्तर कुठं लिहायचं?"

त्यानं तिचं बोट धरून जागेवर नेऊन ठेवलं.

'हो' एवढंच लिहायला तिला चार मिनिटं लागली. तेवढा वेळ त्यानं बोट सोडलं नाही.