शेवटची मोकळी जागा

एकतीस वर्षं मोटारीमागे कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, ओढत वीबेने अर्धा युरोप पालथा घातला होता, पण गाडी मागे घ्यायची म्हटली की त्याला घाम फुटे. त्याची बायको हिल्के मागे उभी राहून हातवारे करायची, तो तिच्यावर डाफरायचा, ती दुप्पट डाफरायची, आणि मुक्कामाला आलेले बाकीचे डच लोक खुर्च्या वळवून हा तमाशा बघत बसायचे.

यंदा मात्र दोघं सुट्टीवर निघाली नव्हती. त्यांची एकुलती एक लेक सीत्स्के लग्न करून नॉर्वेत राहिली होती. तिचं पहिलं बाळंतपण अवघड होतं आणि उद्या सकाळी आठला ऑपरेशन ठरलं होतं. "आई, तू आल्याशिवाय मी आत जायची नाही," असं ती फोनवर रडत म्हणाली होती, आणि हिल्केने तिला शब्द दिला होता. नेमका मोठ्या रस्त्यावरचा बोगदा दरड कोसळून बंद झाला. दुपारी चारला वीबेने फ्योर्डच्या, डोंगरांत घुसलेल्या चिंचोळ्या खाडीच्या, काठाकाठाने जाणारा जुना रस्ता धरला. कॅरॅव्हॅनच्या चित्रावर लाल काट मारलेली बंदीची पाटी दोघांनीही पाहिली.

"ती जर्मनांच्या त्या धुडांसाठी असते," वीबे म्हणाला.

एरवी हिल्केने त्याला फाडून खाल्लं असतं. आज तिलाही पोचायचंच होतं.

रस्ता एका गाडीपुरताच होता. एका बाजूला ओला कातळ, दुसऱ्या बाजूला खाली काळं पाणी. समोरून कुणी आलं तर आत शिरून वाट द्यायला मधूनमधून थोडी रुंद जागा ठेवलेली, तिथे निळ्या पाटीवर पांढरं एम अक्षर. पहिल्या जागेत कुणाची तरी कॅरॅव्हॅन उभी होती, पुढे दोन खुर्च्या मांडलेल्या.

"वाट द्यायच्या जागेत मुक्काम ठोकलाय मेल्यांनी," वीबे चरफडला.

दुसऱ्या जागेतही तेच. तिसऱ्याही. सगळ्यांच्या नंबरपाट्या पिवळ्या, म्हणजे आपलीच डच माणसं. पडदे उन्हाने विटून पांढरे झालेले, चाकांवर शेवाळ चढलेलं. ओढून आणणारी मोटार मात्र एकाकडेही नव्हती. माणसं नीटनेटकी, हातात वाफाळती कॉफी, आणि सगळे अगदी ओळखीचं हसत होते.

चौथ्या ठिकाणी हिल्केने गाडी थांबवायला लावली. एक म्हातारा खिडकीशी आला. मोठा रस्ता किती लांब आहे, असं तिने विचारलं. ते काही माहीत नाही, आम्हालाही पुढेच जायचं होतं, असं तो म्हणाला.

"तुमची मोटार कुठेय?"

म्हातारा बराच वेळ आठवत राहिला.

"घाबरू नका हो," तो शेवटी मायेने म्हणाला. "पुढे एक जागा मोकळी आहे. तुमचीच वाट बघत होतो आम्ही."

वीबेने गाडी हाकली. हिल्केने फोन काढला. रेंज नव्हती.

"मागे घे," ती म्हणाली. "अरे, ऐक माझं. मागे घे."

"कशी घेऊ, हिल्के?"

तो डाफरला नाही. त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

वळणापलीकडे ती जागा आली. रिकामी. एवढ्या हिरव्या गवतात मधोमध एक लांबट चौकोन पिवळा पडलेला, बरोब्बर त्यांच्या कॅरॅव्हॅनच्या मापाचा.

"थांबू नकोस," हिल्के म्हणाली.

वीबे थांबणारच नव्हता. पण समोरून एक छोटी मोटार आली, पुढे शिकाऊ चालकाची पाटी लावलेली. जागेजवळ जो असेल त्याने वाट द्यायची. आयुष्यभराची सवय; वीबेचे हात आपोआप वळले आणि गाडी त्या जागेत शिरली.

मोटार जपून, हळूहळू जवळ आली. सोळा-सतरा वर्षांची मुलगी चालवत होती. तिचे कान वीबेसारखे, सुपासारखे.

शेजारी एक बाई बसली होती. केस निम्मे पिकलेले. तिने मान वळवण्याआधीच हिल्केने तिला ओळखलं.

"सीत्स्के!" हिल्के दोन्ही हातांनी काच बडवू लागली. "अगं, मी आलेय! सीत्स्के!"

बाईने पाहिलं. वाट देणाऱ्या परक्या माणसाकडे बघून हसतात, तशी ती हसली आणि तिने हात वर केला.

मग तिने मुलीला कोपराने खुणावलं. मुलीनेही स्टिअरिंगवरचा एक हात उचलून आजीचे आभार मानले.