मोहाची डहाळी

हरिहरपंत मोजणीदारांचा साखळीवर जितका विश्वास होता, तितका देवावरही नसावा. जमीन मोजायची शंभर कड्यांची लोखंडी साखळी. माणसं शब्द फिरवतात, ही कधी फिरवत नाही, असं ते म्हणत. त्या साली सात समुद्रांपलीकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. अमरावतीत रुईचे गठ्ठे दाबायची यंत्रं बसत होती. त्यांना मेळघाटचा साग हवा, सागाला गाडीरस्ता हवा, म्हणून हरिहरपंत चैत्रापासून धारणीजवळ एका कोरकू वस्तीवर येऊन राहिले होते.

"पुढचं गाव किती लांब?" असं विचारलं की तिथला भूमका, म्हणजे वस्तीचा पुजारी, सांगे, "एक डहाळी."

निघताना मोहाची डहाळी तोडायची, हातात धरून चालायचं. पानं माना टाकतील तिथं गाव. पंतांना हसू आवरेना. पण माणूस मुळात चौकस. त्यांनी साखळी टाकून तीनदा तीच वाट मोजली आणि तिन्ही वेळा डहाळीही बरोबर नेली. एकदा पहाटेच्या गारव्यात, एकदा तिसऱ्या प्रहरी, एकदा भर दुपारी, जेव्हा पानं अर्ध्या वाटेतच करपायला हवी होती. तिन्ही वेळा पानं मलूल झाली ती गावातल्या पहिल्या झोपडीशी. पंतांनी वहीत नोंद केली आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

"हे कसं होतं?" त्यांनी भूमकाला विचारलं.

म्हातारा सगळ्यांनाच अरे-तुरे करी. "वाट जिती हाय. आज जवळ, उद्या दूर. तुही साखळी रोज तेवढीच, म्हनून ते खोटी."

पंत त्यावरही हसले, पण त्या रात्री त्यांना झोप काही लागली नाही.

वैशाखात सहदेव गाडीवान अमरावतीहून आईची चिठ्ठी घेऊन आला. 'ताराचे दिवस भरले. मूल आडवं आहे. सुईणीनं हात टेकले. तोंड पाहायचं असेल तर नीघ.' चिठ्ठी चार दिवसांची जुनी, आणि गाडीनं परत जायचं तर आणखी चार दिवस. त्यांच्या बायकोचं, ताराचं, पहिलं मूल जन्मतःच गेलं होतं. पंत मोहाखाली मटकन बसले.

"काहून बसला?" भूमकानं विचारलं. पंतांनी सांगितलं.

म्हाताऱ्यानं झाडाच्या खोडावर तळहात ठेवला, आपल्या बोलीत काही पुटपुटला आणि एक डहाळी तोडली. "घे. पानं सुकली का पोचला. पर चालतानी मोजू नको. मोजलं का एका वाटेच्या दोन होतेत."

सामान सहदेवाच्या हवाली करून पंत भर दुपारी निघाले. विश्वास नव्हताच, पण बुडत्याला काडीचा आधार. न मोजण्याचा त्यांनी मनापासून प्रयत्न केला. पण वीस वर्षांची सवय! डोळ्यांपुढे तारा होती, पाय पळत होते आणि जीभ आपली चालूच. एकशे आठ. एकशे नऊ. धारणी ते अमरावती त्यांच्या अंदाजानं दोन लाख पावलं होती.

सातशे बाराव्या पावलाला त्यांनी खाली पाहिलं. तांबडी माती जाऊन काळी आली होती. समोर अमरावतीचा अंबा दरवाजा, कापसाच्या गाड्यांची रांग. ऊन अजून डोक्यावरच होतं.

घरी पोचले तेव्हा आतून तान्ह्या मुलाचं रडणं ऐकू आलं. आई, मनकर्णाबाई, धावत बाहेर आली. "आला का रे! आत्ताच मोकळी झाली. मुलगी हाय. दोघी खुशाल हायेत!"

पंत उंबऱ्यावर बसून ढसाढसा रडले. डहाळी त्यांनी भिंतीतल्या देवळीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी ती हिरवी होती. चौथ्या दिवशीही. अंगणातली तुळस दुपारी माना टाकत होती आणि ही मात्र आत्ताच तोडल्यासारखी. पंत तासन्‌तास ती न्याहाळत, वहीत लिहीत. एक गोष्ट तेवढी त्यांनी लिहिली नाही. रोज सकाळी उठल्यावर त्यांच्या तळपायांना तांबडी धूळ लागलेली असे.

"तुम्ही इथं बसलेले असता," तारा एकदा म्हणाली, "तरी फार लांब असल्यासारखे वाटता."

पाचव्या दिवशी सकाळी सहदेव दारात आला. खांद्यावरची साखळी उतरवता उतरवता त्याची नजर पंतांवर गेली, आणि साखळी त्याच्या हातून खाली पडली.

"तुमी... घरी?"

"मग कुठं असणार?"

"आज दिस निंगता वलगावापाशी, इथून तीन कोसावर, तुमाले मांगं टाकलं ना मी! हातात डहाळी होती. गाडीत बसा म्हनलं, तर तुमी पाह्यलंबी नाही. आकडे म्हनून राह्यले होते."

"किती?" मोजणीदाराच्या तोंडून मोजणीदाराचाच प्रश्न निघाला.

"लाखावर नव्वद हजार."

दोन लाखांना दहाच हजार कमी. पंतांना भीती वाटली. इतकी आयुष्यात कधी वाटली नव्हती. ते आत गेले. तारा मुलीला पाजत होती.

त्यांनी देवळीकडे पाहिलं. पहाटेपर्यंत ताठ असलेली पानं कडेनं वळायला लागली होती.