खारबंदर शाखा

खारबंदरच्या माणसाला आता कुठल्याच बोटीवर घेत नव्हते. पासपोर्टवरचा पत्ता वाचला की समोरचा अधिकारी कागद परत सारायचा. इस्माईल खोत अठ्ठावीस वर्षं सारंग होते, म्हणजे बोटीवरच्या खलाशांचे मुकादम. त्यांनाही एका परक्या बंदरातून दोन पोलिसांच्या मधे चालवत नेऊन विमानात बसवलं आणि घरी धाडलं. त्यांच्या गावाचं नाव एका विषाणूला लागलं होतं.

ते लागलं डॉ. अनघा तोडणकरांमुळे. नगरपालिकेच्या छोट्या प्रयोगशाळेत त्या दर सोमवारी गावच्या गटाराचं पाणी तपासायच्या. हा विषाणू आतड्यात राहतो आणि विष्ठेतून पसरतो. बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. एखाद्या लहान मुलाच्या शरीरात मात्र तो मेंदूवरच्या आवरणापर्यंत पोचतो, ताप चढतो, मान ताठ होते. त्या फेब्रुवारीत गावात अकरा मुलं आजारी पडली, दोन गेली. अनघाताईंना पाण्यात विषाणूची नवी शाखा सापडली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी तिची जनुकीय अक्षरं जागतिक विषाणू-नोंदवहीत भरली. नोंदवहीचा नियम असा, की शाखा प्रथम सापडेल त्या गावाचं नाव तिला द्यायचं. तीन आठवड्यांत एकोणीस देशांनी खारबंदरला दारं लावली.

इस्माईलभाई प्रयोगशाळेत आले, पण बसले नाहीत. गेलेल्या दोन मुलांतली एक त्यांची नात होती. अफ्रा, चार वर्षांची.

"डॉक्टरबाई, पोर गेली तेव्हा तुम्ही आमच्या घरी येऊन बसला होतात, म्हणून तुम्हालाच विचारतो. हा आजार जगाला आम्ही दिला?"

"नाही. हे बघा."

विषाणू स्वतःची नक्कल काढताना चुकतो. सात हजार चारशे अक्षरांचा मजकूर तो घाईने उतरवतो, परत वाचून बघत नाही. साधारण पाच दिवसांना एक चूक टिकते आणि पुढच्या पिढ्यांत उतरते. चुका मोजल्या की काळ कळतो. अनघाताई त्याला चुकांचं घड्याळ म्हणायच्या.

"गावातल्या कुठल्याही दोन नमुन्यांत फार तर सोळा चुकांचा फरक आहे. दोघांच्या वाट्याला आठ-आठ. म्हणजे तो इथं येऊन चाळीस दिवस झाले होते. आणि याचा जवळचा पूर्वज दुसऱ्या खंडात सहा वर्षांपूर्वी सापडलेला. मधे चारशे चाळीस चुका. सहा वर्षं हा बंदरामागून बंदरं फिरला, पोरं मारत गेला, आणि एकानंही बघितलं नाही."

"मग नाव काढायला सांगा."

"तीनदा लिहिलं. म्हणतात, नाव सापडण्याच्या जागेचं असतं, जन्माच्या जागेचं नसतं." अनघाताई म्हणाल्या.

"म्हणजे ज्यांनी बघितलं नाही ते स्वच्छ. आम्ही बघितलं म्हणून घाण. मग तुम्हीही बघणं बंद करा."

"आणि पुढची अफ्रा, इस्माईलभाई?"

ते निघून गेले.

निर्णय नगरपालिकेनेच घेतला. नमुना घ्यायचं गटाराचं झाकण वेल्डिंग करून बंद केलं. अनघाताई नगराध्यक्षांच्या खोलीत शिरल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तुम्ही मुलांच्या जिवावर उठलाय."

"आठशे माणसं घरी बसलीत, बाई. हे त्यांच्यापुढे जाऊन बोला."

नोंदवहीच्या नकाशावर जगभरचे लाल ठिपके एकेक करून विझत होते. विषाणू होता तिथंच होता. आपल्या गावाचं नाव कुणालाच नको होतं, म्हणून प्रयोगशाळांनी नमुने पाठवणं सोडलं होतं. साठ दिवस नमुना आला नाही, तेव्हा नियमाप्रमाणे खारबंदरही हिरवं झालं. विषाणूमुक्त. जेटीवर फटाके वाजले. त्याच आठवड्यात मान ताठ झालेली दोन मुलं रुग्णालयात आली आणि त्यांच्या कागदावर नुसतं 'ताप' लिहिलं गेलं.

पुन्हा बोटीवर निघालेले इस्माईलभाई निरोप घ्यायला आले. खांद्यावर पिशवी, खाली मुंबईची एसटी उभी. अनघाताईंनी नमुन्याची रिकामी डबी त्यांच्यापुढे ठेवली.

"तपासून घ्या. नोंदवहीत घालणार नाही, फक्त तुम्हाला सांगेन. तुमच्या शेजारचं पोर दाखल झालंय. त्रास न देता हा विषाणू महिनाभर पोटात राहतो. बोटीवर वीस माणसं, एकच संडास."

"असला तर?"

"तर जाऊ नका."

"माझ्याबरोबर गावचे सोळा जण चाललेत. त्यांना तपासलं?"

"नाही."

इस्माईलभाईंनी डबी हातात घेतली. "आमच्याकडे हा आणला, तोही असाच कुणी बोटीवरून उतरलेला असेल?"

"असेल."

"त्याला ठाऊक नव्हतं?"

"बहुतेक नसेल."

"मग त्याला मी काय बोलणार." त्यांनी डबी हळूच टेबलावर परत ठेवली. "मलाही ठाऊक नको, बाई."

ते निघाले. अनघाताईंनी डबी उचलून भिंतीवर फेकली. त्या आवाजानेही ते वळले नाहीत. एका हाताने पिशवी सावरत, दुसरा हात कठड्यावरून सरकवत ते सावकाश जिना उतरत होते, आणि जिन्याच्या तळाशी गोवराच्या लसीच्या रांगेतली मुलं त्याच कठड्याला लोंबकळत होती.