थांबवलेल्या गोष्टीतली किंकाळी

"खुनी माळीच आहे! लाव पैज!" चष्मिश सीटवर उड्या मारत ओरडला.

"दर वेळी तुझा माळीच असतो!" ताईने आपल्या या मावसभावाला कोपराने ढोसलं.

सुट्टीच्या प्रवासात हेरमामाच्या रहस्यकथा गाडीत मोबाइलवर मोठ्याने लावायच्या, हा या घराचा शिरस्ता होता. नियमही कडक! एक जण जरी गाडीतून उतरला, तरी गोष्ट थांबवायची. आता एक चाक डगमगायला लागलं म्हणून मावशीने रस्त्याकडेच्या गॅरेजसमोर गाडी उभी केली होती. गॅरेजचं शटर जवळजवळ पूर्ण ओढलेलं होतं. हॉर्न वाजवून वाजवून ती कंटाळली, तरी मेकॅनिकचा पत्ता नव्हता. ताईचा धाकटा भाऊ ढब्बू शू करायला गॅरेजमागे गेला होता.

तेवढ्यात एक भयंकर किंकाळी ऐकू आली.

"बाप रे! काय ओरडलाय!" चष्मिश खूश झाला.

"आवाज कमी करा रे, कान किटले माझे," डोळे मिटूनच मावशी म्हणाली.

ताईने मोबाइल पाहिला. "मावशी, गोष्ट तर थांबवलेली आहे! ढब्बू बाहेर आहे ना!"

"मग कुणीतरी सिनेमा लावला असेल. तुमच्या डोक्यात नुसता हेरमामा भरलाय!" मावशी उतरली. "मी समोरच्या दुकानातून पाणी आणते. गपचूप बसा."

ती रस्ता ओलांडते न ओलांडते तोच ढब्बू धापा टाकत आला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "ताई, आत मेकॅनिककाकांना मारतायत! रक्त येतंय त्यांना!"

"चष्मिश, पोलिसांना फोन लाव!" म्हणत ताई गॅरेजच्या मागच्या दाराकडे धावली. ढब्बूही शेपटासारखा मागे आलाच!

दाराच्या फटीतून तिने पाहिलं. मेकॅनिककाका जमिनीवर पडले होते. बाजूला गाड्या उचलायच्या लिफ्टच्या दोन खांबांमध्ये एक कोरी करकरीत गाडी उभी होती. लिफ्टचे लोखंडी हात गाडीखाली नीट बसवलेले होते.

"चावी कुठंय?" एका टकल्याने पाना उगारला.

"लोकांनी विश्वासाने सोडलेली गाडी आहे. नाही देणार!"

पाना मनगटावर बसला. कट्कन हाड मोडल्याचा आवाज ताईला बाहेर ऐकू आला. जॅकेट घातलेल्या दुसऱ्याने काकांच्या बरगड्यांत लाथा घातल्या आणि खिसे उलटेपालटे करून चावी हिसकावली.

"याने आपले चेहरे पाहिलेत," गाडीत बसत टकल्या म्हणाला. "संपव त्याला!"

जॅकेटवाल्याने पहार उचलली. ताईला दरदरून घाम फुटला. पण आता नुसती उभी राहिले तर काका मरतील, एवढं तिला लख्ख कळलं. ती आत घुसली आणि खांबावरचं ‘वर’ लिहिलेलं हिरवं बटण तिने दाबलं.

घर्रर्र! टकल्यासकट गाडी वर निघाली!

"ए, थांबव! खाली घे!" तो आतून बोंबलला. चाकं हवेतच गरगर फिरत होती.

जॅकेटवाल्याने पहार टाकली आणि ताईची वेणी धरून तिचं डोकं खांबावर आपटलं. ओठ फुटला, तोंडात रक्ताची खारट चव आली. बटण सुटलं की गाडी थांबत होती. म्हणून तिने दात-ओठ खाऊन ते दाबूनच धरलं. त्याने पुन्हा तिला आपटलं.

"माझ्या ताईला मारतोस?" ढब्बूने जळक्या ऑइलचा अख्खा डबा त्याच्या तोंडावर भिरकावला!

डोळे चोळत तो घसरला आणि धाडकन पडला. काकांनी धड असलेल्या हाताने पहार उचलली आणि त्याच्या गुडघ्यावर हाणली. तो गुरासारखा ओरडला. ते पाहून टकल्याने वरून उडी टाकली, ती थेट सांडलेल्या ऑइलमध्ये! त्याचा घोटा पार उलटा फिरला. पोलीस आले तेव्हा दोघे तिथेच लोळत विव्हळत होते.

"फोनवर पत्ता इतका चोख सांगितलास, शाबास!" इन्स्पेक्टरबाईंनी चष्मिशची पाठ थोपटली. मग त्या ताईकडे वळल्या. "आणि तू, पोरी! तू केलंस ते माझ्या शिपायांनाही जमलं नसतं."

ताईला मात्र आता हुंदका आवरेना.

काकांना स्ट्रेचरवर ठेवलं, तेव्हा त्यांनी तिला जवळ बोलावलं.

"शटरच्या फटीतून तुमची गाडी दिसत होती मला," ते अडखळत म्हणाले. "मी ओरडलो. पुढे बसलेल्या बाईंनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. म्हटलं, संपलं. कोणी येत नाही आता."

पाणी घेऊन धावत परतलेली मावशी मागेच उभी होती. तिच्या हातातली बाटली खाली पडली. तिने ताईला घट्ट कुशीत ओढलं.

"ती बाई मीच," ती काकांना म्हणाली. "दवाखान्यात मी तुमच्याबरोबर येते."

आणि मुलांनाही बरोबर घेऊन ती रुग्णवाहिकेत चढली नि काकांच्या उशाशी बसली.