केशरी दगडांची चोरी

"डार्ला, पळत ये! इथलीही रास गायब!" वेस्ली ओरडला.

डार्ला धावत आली. गवतात नुसते खळगे, आणि शेजारी ट्रकच्या चाकांचे ताजे ठसे! याच दगडांच्या राशींमधून त्यांचे ब्लॅकफूट जमातीचे पूर्वज शिकारीसाठी गव्यांचे कळप कड्याकडे हाकत नेत. दगड गेले की ती वाट पुसलीच म्हणायची. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ठसे थेट गावाबाहेरच्या पर्यटकांच्या नव्या कॅम्पपाशी पोचले. तिथं बाग रचणारा हार्लन मजेत शीळ घालत होता. समोर त्यांचेच दगड, वरच्या केशरी दगडफुलासकट!

"हे आमचे आहेत!" डार्ला कडाडली.

"माळावरचे दगड कुणाचे असतात का? चल, फूट इथून!"

"याला सोडणार नाही!" परतताना ती धुमसत होती. "आपल्या लोकांनी गवे आणले ना, तसंच याला आणायचं."

"मग वासरू कोण होणार?" वेस्लीनं विचारलं. पूर्वी एक जण वासराचं कातडं पांघरून कळपापुढं चालायचा. गवे त्याच्या मागून यायचे.

"मी!" डार्लाची धाकटी बहीण टिली म्हणाली. "माझा चेहरा गरीब आहे."

सकाळी टिली हार्लनकडे गेली. "काका, तिकडे याहून मोठे दगड आहेत. एकदम केशरी!"

हार्लनला हाव सुटली. टिली पुढे, ट्रक मागे. वाट अरुंद झाली, तसा तो पहार घेऊन उतरला. एका राशीत त्यानं पहार घातली मात्र, आजूबाजूच्या राशींमागून डार्ला, वेस्ली आणि गावातली पोरं उठली! हातात विलो झाडाच्या फांद्या, तोंडानं आरोळ्या! तो घाबरून पुढे पळाला, तो थेट डार्लाच्या आजीच्या पुढ्यात. आजीसोबत डार्लानं आधीच बोलावलेली गावची वडीलमंडळी होती आणि माळाचा रखवालदारही.

"अहो, दगडच तर आहेत!"

"माझ्या आजीच्या आजीनं हात लावलेले दगड आहेत ते!" आजी गरजली. "तुमच्या आजीचं थडगं उपटून मी बाग केली तर चालेल?"

रखवालदारानं ट्रक ताब्यात घेतला. सगळे दगड हार्लननं स्वतःच्या हातानं परत लावायचे, असं ठरलं.

"शाब्बास रे पोरांनो!" आजी म्हणाली. "आणि वासरू तर झकास!" टिली फुशारली. डार्लाचा राग मात्र अजून उतरला नव्हता.

संध्याकाळी हार्लननं घामाघूम होऊन शेवटचा दगड खळग्यात टेकवला. "झालं एकदाचं!"

डार्लानं वाकून पाहिलं. दगडफूल मातीत, मातकट बाजू वर.

"उलटा ठेवलात," ती म्हणाली. "उचला परत."