सुकन्याच्या मॉड्यूलचे फ्लॅग

अहमदपूरच्या स्टँडवर नांदेडची गाडी अजून लागली नव्हती. सुकन्या बाकावर टेकली आणि शेजारच्या तरुणाच्या लॅपटॉपवर तिची सहज नजर गेली... तिथं तिनंच लिहिलेल्या मॉड्यूलचं नाव होतं!

म्हणजे हा राजशेखर. ठिबकच्या व्हॉल्व्हचा कोड ती लातूरच्या ऑफिसात लिहायची, सगळ्यांचा कोड जोडून चालू सॉफ्टवेअर बनवायचं, म्हणजे बिल्डचं काम तो नांदेडहून बघायचा. वर्षभर फोनवर बोलत होते. भेट मात्र आजच. ती हसणार, तोच खालची ओळ दिसली. कोडमधली खोट दाखवणारे कंपायलरचे इशारे बाकी सगळ्या मॉड्यूलना सक्तीचे होते. फक्त तिच्या मॉड्यूलपुरते फ्लॅग, म्हणजे कंपायलरला दिलेल्या सूचना, बदलून ते बंद केले होते.

“हे कुणी केलं?”

आवाज ऐकून तो दचकलाच. “सुकन्या मॅडम? ...मीच.”

सुकन्याच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. ती काय लिंबूटिंबू होती, म्हणून ही सूट? मान खाली घालून तो सांगू लागला – बिल्ड अडलं असतं, मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर तिचं नाव निघालं असतं...

पुढचं न ऐकता तिनं लॅपटॉप ओढून घेतला, ती ओळ पुसली आणि बिल्ड लावलं. ते लगेच अडलं; इशारा तिच्याच ओळीवर होता. ‘पाण्याची वेळ संपली का’ हे तपासणारी तिची अट कधीच खरी ठरणार नव्हती. एकदा उघडलेला व्हॉल्व्ह बंदच झाला नसता. तिनं ओठ आवळून चूक दुरुस्त केली. बिल्ड सुरळीत पार पडलं, पण राग तसाच होता.

“कुणाचं तरी रान पाण्याखाली गेलं असतं, राजशेखर. मला कुणी बोलू नये म्हणून?”

“चुकलं माझं,” तो हळूच म्हणाला. “तुमचा आवाज पडलेला... ऐकवत न्हाई मला. लई दिवसांपासून.”

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या तिला दिसल्या, आणि आपले गालही तापलेत, हे कळून तिला आणखीच राग आला.

“मग तोंडावर सांगायचं. चूक पण... आणि हे पण.”

“आता सांगायलोय की.”

तेवढ्यात नांदेडची गाडी लागली. झुंबड उडाली. गर्दीत घुसून सुकन्यानं खिडकीतून आपला रुमाल सीटवर टाकला. मग मागं न बघताच हात पुढे केला.

“तुमचा द्या,” ती फणकाऱ्यानं म्हणाली. “शेजारी टाकते.”