पाण्याचा एक तुंबा

पडद्यांचा रंग ठरवायला तुम्ही अख्खी सकाळ घातलीत, आणि एका मुलीचं लग्न चहा येईपर्यंत उडवून लावलंत. हो, तुम्हीच. नगरपालिकेच्या लांब टेबलामागे पंख्याखाली बसलेले तुम्ही. मुद्दाम केलंत असं म्हणत नाही. मुद्दाम करायला आधी ऐकावं लागतं. तुम्ही ऐकलंच नाहीत.

तर आता ऐका.

मोसेत्लेंगच्या नगरपालिकेत सभेचं इतिवृत्त लिहायची ती गोइत्सेमांग. नावाचा अर्थ 'कोणास ठाऊक'. आई-बाप लवकर गेले. मामानं वाढवलं. मामा म्हणजे नगराध्यक्ष मोगापी. माणूस प्रेमळ, पण घरीसुद्धा सभेतच बसल्यासारखा. जेवताना "मामा, मीठ दे" म्हटलं तर "नोंद घेतली" म्हणायचा आणि मीठ द्यायचाच नाही.

ऑक्टोबरची भट्टी पेटली होती. दुपारी सगळं ऑफिस डुलक्या घेत असताना दारात एक तरुण उभा राहिला. बुटांवर लाल धूळ, नखांत माती, आणि कानामागे... चक्क लिंबाचं एक पान.

"पाणी मिळेल का, म्मा?" इथे मानानं बाईला म्मा म्हणतात, पुरुषाला रा.

गोइत्सेनं माठातून पेला भरून दिला. त्यानं तो सावकाश, डोळे मिटून, शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला. तोंड पुसलं. मग म्हणाला, "फार गोड. पण मी चौथ्या वॉर्डाच्या नळाबद्दल विचारत होतो."

तिचे कान तापले. "मग प्यायलास कशाला?"

"तुम्ही दिलंत म्हणून."

तो मोआगी. चौथ्या वॉर्डात रोपवाटिका चालवायचा — लिंबं, मोरुला, शेवगा. वॉर्डाचा नळ कधीचा कोरडा. गाढवगाडीवर पिंपं लादून तो रेल्वे फाटकापाशी जायचा, तिथून पाणी आणायचा. निम्मं रस्त्यात सांडायचं, निम्मं रोपं प्यायची.

त्या दिवसापासून तो प्रत्येक सभेला यायला लागला. नागरिकांच्या बाकावर बसायचा, कागदाच्या पुडीत गरम मग्विन्या घेऊन. चहाच्या सुट्टीत पुडी तिच्यापुढे सरकायची.

"लाच देतोस?"

"तळलेल्या पिठाच्या गोळ्यांना लाच म्हणत असतील तर अख्खं गाव तुरुंगात जाईल, म्मा. आमचा विषय कधी घेणार?"

"आज पडदे आहेत. मग कारंज्याची दुरुस्ती. मग कचरागाडीचं टायर."

"कारंज्याला पाणी आहे?"

"आहे की."

"मग आमच्या गाढवाला सभेला आणतो. प्रत्यक्ष पाहणी होईल, आणि ते पिऊनही जाईल."

ती हसली, आणि नेमकी तेव्हा सभा पुन्हा सुरू झाली. निळा की मरून यावर नगरसेवक भांडत होते. तिनं खाली पाहून लिहिलं, तर कागदावर 'मरून' ऐवजी 'मोआगी' उमटलं होतं. तिनं घाईघाईनं खोडलं. वर पाहिलं... तो तिच्याकडेच बघत होता. कोणास ठाऊक काय दिसलं त्याला!

एकदा त्यानं डब्यात लावलेलं लिंबाचं रोप तिच्या टेबलावर ठेवलं.

"हे इथे राहू दे. तुमच्याकडे पाणी आहे."

"किती दिवस?"

"फळ येईपर्यंत."

"वेडा आहेस का? त्याला वर्षं लागतात."

"मला घाई नाही," तो म्हणाला. आणि ते 'मला' त्यानं असं काही म्हटलं की गोइत्से रात्री उशीत तोंड खुपसून त्या एका शब्दाचा अर्थ लावत बसली. याला नळ हवाय, की...? विचारावं कसं? आणि विचारल्यावर तो म्हणाला 'नळ', तर?

मग जानेवारीत तो म्हणाला, "माझे मामा येणार आहेत. गान्झीकडून. पाण्याचं बोलायला."

"कुठलं पाणी?"

तो हसला, टोपी डोळ्यांवर ओढली. "कोणास ठाऊक," म्हणाला, तिचंच नाव तिच्या अंगावर टाकून निघून गेला.

आता इथे गोंधळ समजून घ्या. मोसेत्लेंगात मुलगी मागायला गेलेले मामा 'मुलगी द्या' असं कधी म्हणत नाहीत. ते म्हणतात, 'पाण्याचा एक तुंबा मागायला आलोय.' हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मोगापीला तर ठाऊकच! त्यानं स्वतः तीन भाच्यांसाठी असे तुंबे मागितले होते.

ठरलेल्या दिवशी मोआगीचे मामा दिताऊ सकाळी मोगापीच्या घरी पोचले. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "मोगापी? तो घरी फक्त झोपायला असतो, रा. पालिकेत जा. भाचीपण तिथेच."

म्हणून ते सभेत आले. दिताऊ मामा कोटात, टोपी हातात. मागे दोन मावश्या, त्या उकाड्यात खांद्यावर जाड शाली. शाली पाहून गोइत्सेनं पेन खाली ठेवलं. मागणीला जाताना बायका शाली घेतात... पण मोठ्या माणसांच्या सभेत मान म्हणूनही घेतात. मग ही शाल कुठली? नळाची, की माझी?

'नागरिकांचे म्हणणे' आलं. दिताऊ उठले.

"लांबून आलोय. आमच्या घरात तहान आहे. या घराकडे पाण्याचा एक तुंबा मागायला आलोय."

मोगापीनं कागदातून डोकंसुद्धा वर केलं नाही. "कुठला वॉर्ड?"

दिताऊ गडबडले. "मुलगा... चौथ्या वॉर्डात राहतो."

"तोच तो अर्ज! मुख्याधिकारी, तरतूद आहे?"

"पडद्यांत गेली, साहेब."

"ऐकलंत? मागणीची नोंद घेतली. पुढल्या अंदाजपत्रकात बघू."

"नोंद घेतली म्हणजे? हो की नाही?"

"म्हणजे नोंद घेतली."

सगळे ओरडले, "पुला!" इथे पावसालाही पुला, खिशातल्या पैशालाही पुला आणि सभेच्या जयजयकारालाही पुला. छतावर थेंब नाही, पण टेबलामागे पुला पुला. आणि गोइत्सेच्या हातानं — तिच्याच हातानं हो! — लिहिलं गेलं, 'तरतूद नसल्याने मागणी पुढे ढकलली.'

दिताऊ दाराशी थांबले. "आमच्याकडे गुरांच्या दलालालासुद्धा आधी बसायला पाट देतात," एवढंच म्हणाले. मावश्यांनी शाली काढून काखेत मारल्या.

त्यानंतर मोआगी आला नाही. बाक रिकामा. लिंबाला नवी पानं फुटली, ती बघायलाही आला नाही. गोइत्सेनं वाट पाहिली, चिडली, पुन्हा वाट पाहिली. शेवटी एका शनिवारी रोपाचा डबा कडेवर घेऊन चौथ्या वॉर्डात गेली. तो वाफ्यात वाकला होता.

"हे घे तुझं झाड," ती म्हणाली. "नळ मिळाला नाही म्हणून माणूस तोंड फिरवतो का?"

तो ताठ उभा राहिला. "नळ? नळासाठी माणूस अर्ज पाठवतो, बाई. मामा कोण पाठवतं?"

"तुझ्या अर्जांना उत्तर आलं नाही म्हणून मामा पाठवलेस असं वाटलं मला!"

"मावश्यांच्या शाली दिसल्या नाहीत?"

"सभेलाही शाली घेतातच की!"

"आणि तू लिहिलंस, तरतूद नाही."

"तू मला सांगितलंस, पाण्याचं बोलायला येणारेत! सरळ सांगायला तोंड नव्हतं?"

"आमच्यात मुलगा स्वतः विचारत नाही."

"आमच्यात मुलगी विचारत नाही. पालिकेत कुणी उत्तर देत नाही. मग मी काय करू रे, मोआगी? झाडाला विचारू?"

गाढवानं कान हलवले. मग त्यानं हातातली माती झटकली... पुन्हा झटकली, आता हाताला माती नव्हतीच तरी. "मामांच्या आधी विचारतोय. त्यांना सांगू नकोस. गोइत्से — येशील?"

तिनं त्याच्याकडे नीट पाहून घेतलं. इतक्या महिन्यांचा हिशेब चुकता करायचा होता.

"नोंद घेतली," ती म्हणाली.

"गोइत्से!"

"...मंजूर," ती म्हणाली, इतक्या हळू की फक्त त्याला आणि लिंबाला ऐकू आलं.

पण घरच्या मोठ्यांशी हे बोलायचं कसं? भाचीनं आपल्या लग्नाचा विषय मामापुढे काढायचा नसतो. घरी काढायचा नसतो. सभेबद्दल मात्र कुणी काही म्हणून ठेवलेलं नव्हतं.

पुढची सभा. पहिला विषय नेहमीचा, मागल्या सभांची इतिवृत्तं वाचून कायम करणे. कुणी ऐकत नाही तो विषय. गोइत्से उभी राहिली. मोठ्यानं वाचलं, "नगराध्यक्षांच्या भाचीला मागणी घालण्यासाठी गान्झीहून आलेल्या पाहुण्यांना बसायला न सांगता, पडद्यांवर खर्च झाल्याच्या कारणाने, पुढल्या आर्थिक वर्षात यायला सांगण्यात आले."

पंखा तेवढा फिरत राहिला.

मोगापीनं चष्मा काढला. पुसला. भाचीकडे पाहिलं, बाकाकडे पाहिलं. तिथे टोपी कुस्करत मोआगी बसला होता. "तो तुंबा... तो तुंबा होता?"

"मग काय बादली होती?" म्हाताऱ्या नगरसेविका म्मा गाओलाथे कडाडल्या. "अहो मोगापी, पोरीला तुम्ही अंदाजपत्रकात टाकलंत!"

हसता हसता सगळ्यांची मुरकुंडी वळली. मोगापीचे मात्र डोळे भरले होते. म्हणाला, "दुरुस्ती करा. मी स्वतः गान्झीला जाईन, पाहुण्यांची क्षमा मागेन. आणि पाण्याच्या तुंब्याची मागणी... मंजूर." अनुमोदनाला सगळे हात वर. "पुला!"

लग्न झालं. मुलीच्या मानाच्या गाई मुलाकडून आल्या, शाली पुन्हा खांद्यांवर चढल्या, दिताऊ मामांना सगळ्यात उंच खुर्ची मिळाली. गोइत्से चौथ्या वॉर्डात राहायला गेली. पहिल्याच सकाळी बादली घेऊन नळाशी आली. तोटी फिरवली. नळातून एक कोळी निघाला.

ती पालिकेत गेली. मुख्याधिकाऱ्यांनी फाईल उघडून दाखवली. 'चौथा वॉर्ड. पाण्याची मागणी. मंजूर. विषय निकाली.'

"पण ती मागणी माझी होती!" ती म्हणाली.

"दोन्ही एकच धरल्या, म्मा. आता नव्यानं अर्ज करावा लागेल."

अर्ज तिनं केला नाही. पुढल्या सभेला ती आली, नव्या मरून पडद्यांसमोर, इतिवृत्ताची वही सोडून नागरिकांच्या बाकावर. खांद्यावर शाल. शेजारी नवरा, पुडीत मग्विन्या, मांडीवर लिंबाचं रोप. तिची पाळी आली तशी ती उठली, आणि टेबलामागच्या प्रत्येकाकडे एकेक करून पाहिलं. तुमच्याकडेही पाहिलं.

"तुंबा दिलात, मामा. भरायचा कशानं? पाणी कधी देणार? 'नोंद घेतली' म्हणायचं नाही. मी उभी आहे. बोला."